सिस्टर आणि पहिले तीन सेकंद

आमच्या ऑफिसात नवीन मुलं कामाला लागली की पहिल्या आठवड्यात त्यांना जुन्या मोहिमा दाखवतात. त्यातली एक माझी आहे. भोसरीतल्या एका लहानशा संस्थेसाठी, जाहिरातीला पैसे नसताना केलेली. पडद्यावर आलेख वर चढतो, मुलं माना डोलावतात आणि कुणीतरी हमखास विचारतं, "सर, नेमकं काय केलंत?" मी सांगतो. पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याचा अंगठा थांबला पाहिजे, हे सांगतो. कमल सिस्टरांबद्दल सांगत नाही. सिस्टर जाऊन आता वर्ष होत आलं, आणि न सांगणं मला जड जायला लागलं आहे.

सिस्टर मूळच्या भोसरी गावातल्याच. एमआयडीसीजवळच्या एका खाजगी दवाखान्यात त्यांनी नर्स म्हणून उमेदीची सारी वर्षं घालवली. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेली पोरं तिथे यायची. कुणी तुटलेली बोटं रुमालात गुंडाळून आणायचं, कुणाला तेवढंही सुचलेलं नसायचं. डॉक्टर टाके घालायचे, ड्रेसिंग व्हायचं, पोरगं खोलीवर जायचं. "आणि पुढं?" सिस्टर म्हणायच्या. "पुढं त्यानं जेवायचं कशानं, शर्टाचं बटण लावायचं कसं, हे कुणी सांगितलंच न्हाई त्याला." निवृत्त झाल्यावर त्यांनी वर्कशॉपांच्या रांगेमागे भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या आणि ते 'पुढं' सुरू केलं.

आमच्या कंपनीची एक योजना होती. महिन्यातले दोन शनिवार एखाद्या गरजू संस्थेला द्यायचे. माझं काम डिजिटल मार्केटिंगचं, म्हणून माझ्या वाट्याला सिस्टरांची संस्था आली. मी राहतो पिंपळे सौदागरला. तिथून भोसरी काही लांब नाही, पण त्या गल्ल्यांत मी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. विचारत विचारत पोचलो तर दार उघडंच होतं. आत सात-आठ तरणे पुरुष सतरंजीवर मांडी घालून बसलेले आणि प्रत्येकापुढे परात. सगळे कणीक मळत होते. कुणाच्या उजव्या हाताला दोनच बोटं, कुणाचा नुसता अंगठा उरलेला, एकाचा पंजाच नव्हता. मी दारात थबकलो. नजर कुठे ठेवावी कळेना. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो.

"आत या की," आतून आवाज आला. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात लाटणं, आणि बोलणं ड्रेसिंग करताना बोलावं तसं हळू, पण ठाम. "हात बघायचेत ना? बघा एकदा नीट. समद्यांचे बघा. मग परत चोरून बघायची पाळी येत न्हाई."

मी बघितले. एकेकानं हात पुढे केला. आश्चर्य म्हणजे पाच मिनिटांनी मला खरोखरच त्यांचे चेहरे दिसायला लागले.

कणीक हा सिस्टरांचा उपचार होता. टाके सुकले की हात आखडतो, मळता मळता तो सैल होतो. त्यासाठी रबरी चेंडू मिळतात, पण "चेंडू दाबून पोट भरत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. दुपारी त्याच कणकेच्या पोळ्या व्हायच्या आणि सगळे तिथेच जेवायचे. सोलापूरकडचा एक वेल्डर पहिल्या दिवशी म्हणाला होता, "सिस्टर, हे बायकांचं काम." त्यांनी त्याच्यापुढची परात उचलली. जेवायच्या वेळी सगळ्यांच्या ताटात पोळ्या पडल्या, त्याच्या ताटात नुसती भाजी. "तुमच्या पोळ्या कुणी मळल्याच न्हाईत," सिस्टर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला. आज ती संस्था तोच चालवतो.

प्रत्येकाच्या नावामागे त्या 'राव' लावायच्या. अठरा वर्षांचा हेल्पर असला तरी गणेशराव. मी पहिल्याच दिवशी प्रसादराव झालो. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "हात तुटला की लोकं पयलं नाव तोडत्यात. लुळा म्हणत्यात, थोटा म्हणत्यात. मी आपली जोडते." कुणाला अपघात कसा झाला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. सांगावंसं वाटलं की माणूस सांगतो, तोवर पीठ आहे, पाणी आहे, काम आहे. असा त्यांचा हिशेब.

माझं पहिलं काम म्हणजे लॅपटॉप उघडून सगळ्यांना योजना समजावून सांगणं. मी मोठ्या उत्साहानं सुरुवात केली, "आधी आपण आपलं टार्गेट ठरवू." मागे बसलेला एकजण खाली बघत म्हणाला, "टार्गेट वाढवलं होतं सर. म्हणून हात आत आला की मशीन थांबवणारा सेन्सर काढून ठेवला होता."

सिस्टर म्हणाल्या, "ह्यो शब्द इथं नको, प्रसादराव. दुसरा हुडका." मी तिथल्या तिथे तो खोडून 'आपली माणसं' असं लिहिलं. सिस्टरांनी चष्मा वर करून वाचलं. "आता बोला," म्हणाल्या.

माझ्या हातून तिथे काही चांगलंही झालं, ते सांगितलं नाही तर सगळंच खोटं वाटेल. मोबाइलच्या नकाशावर मी त्या खोल्यांची खूण टाकली. मराठीत, हिंदीत, 'मशीनमध्ये हात सापडला तर पुढे काय' असं एक साधं पान तयार केलं. संस्थांना फुकट मिळणाऱ्या जाहिराती असतात, त्यासाठी अर्ज केला. तिसऱ्या आठवड्यात चाकणहून बिहारचा एक मुलगा, हाताला बँडेज, मोबाइलवरच्या निळ्या रेषेच्या मागे मागे चालत दारात येऊन उभा राहिला. सिस्टरांना विश्वासच बसेना. "म्हंजे नकाशात आमी हाय?" त्यांनी दोन-तीनदा विचारलं. मग माझ्या ताटात न विचारता एक जास्तीची पोळी पडली. कंपनीत मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या आहेत, पण त्या पोळीची बरोबरी कशालाच नाही.

काही बाबतींत मात्र त्या ऐकायच्या नाहीत. मदत करणाऱ्यांना आभाराची पत्रं जायची ती पोरांनी डाव्या हातानं लिहिलेली. वाकडी अक्षरं, एका ओळीत चार चुका. डावा हात वळावा म्हणून लिहायला बसवलेलंच असायचं, त्यात हे काम होऊन जायचं. मी सुचवलं, "सिस्टर, हे आपोआप जाईल अशी सोय करता येते. एक बटण दाबलं की सगळ्यांना." त्या हसल्या. "मशीननं आभार मानायचे तर मशीनचेच माना."

आणि एक नियम होता, तो कडक. कुणाचा चेहरा किंवा हात पेजवर टाकायचा नाही. टाकायचाच असेल तर त्या माणसाला विचारून भागायचं नाही. "त्याच्या घरी विचारलं का?" हा त्यांचा प्रश्न. मी वाद घातला होता. सज्ञान माणूस आहे, तो हो म्हणतो, मग घरच्यांचा काय संबंध? त्या म्हणाल्या, "हात एकट्याचा नसतोय."

मग मी परातीचे फोटो टाकायचो, तव्याचे, सरावाच्या बटणांच्या डब्याचे. फोटो चांगले यायचे. कुणी थांबून बघायचं नाही. इकडे ऑफिसात वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता आणि साहेब विचारत होते, "तुझ्या त्या संस्थेचं काही दाखवण्यासारखं आहे का?"

अशातच बालाजी आला. लातूरकडचा, पंचवीस-सव्वीसचा. चाकणच्या एका लहान कारखान्यात प्रेसवर होता. उजव्या हाताची चार बोटं गेली होती. गावी फक्त आई. तिला त्यानं काहीच कळवलं नव्हतं. दर फोनला सांगायचा, ओव्हरटाइम चालू आहे, सुट्टी नाही. एकदा जेवताना तो मला हे बोलला आणि लगेच म्हणाला, "कुणाला सांगू नका सर."

सिस्टरांना ते माहीत होतं. त्यांनी त्याच्यासाठी बेत आखला होता. "दिवाळीला जा, बालाजीराव. तिला म्हणायचं, आज तू बस, सयपाक मी करतो. तिच्यापुढं पीठ मळा, पोळी लाटा, तिच्या ताटात वाढा. तोवर हात दिसंलच तिला. पण आदी काम दिसू दे, मग हात." बालाजी त्या एका जेवणासाठी रोज मळत होता. पोळ्या लाटल्या जायच्या, पण गोल होत नव्हत्या.

त्याच सुमाराला सिस्टरांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या आठवडाभर रहाटणीला लेकीकडे राहिल्या. त्या शनिवारी बालाजीची पहिली गोल पोळी झाली. सगळ्यांनी आरडाओरडा केला. तो परात बाजूला सारून हसला. त्याला हसताना मी प्रथमच पाहत होतो. मी मोबाइलवर ते सगळं टिपलं होतं. विचारलं, "बालाजी, टाकू का?" तो त्या आनंदातच होता. "टाका की सर."

घरी बसून मी तो व्हिडिओ जोडला. जसा घडला तसाच जोडला असता, तर आधी परात दिसली असती, मग पीठ, पोळी, हसू. पण मला धंदा ठाऊक होता. मी शेवटून एक तुकडा उचलला आणि सुरुवातीला लावला. त्याचा हात, अगदी जवळून, पिठानं माखलेला, बोटांच्या जागी गोळे. तीन सेकंद. पोळी आणि हसू गेलं शेवटी, जिथवर बहुतेक लोक पोचतच नाहीत. खाली बारीक अक्षरांत त्याचं नाव, गाव आणि संस्थेचं नाव टाकलं, आणि वर शब्द लिहिले: 'याच्या आईला अजून माहीत नाही.' लिहिताना माझं बोट क्षणभर थांबलं होतं, हे मला आजही आठवतं. विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण ती ओळ चांगली होती, आणि ती चांगली आहे हे मला कळत होतं.

दोन दिवसांत व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. संस्थेचा फोन वाजायचा थांबेना. मदत करायला, शिकवायला, भेटायला लोक तयार. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. सिस्टर काळा चष्मा लावून परत आल्या, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "एक व्हिडिओ फार छान चाललाय." त्यांना मोबाइल बघायची डॉक्टरांची मनाई होती. त्यांनी एवढंच विचारलं, "घरी विचारलं का?"

"बालाजी हो म्हणाला," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या असाव्यात. काळ्या चष्म्यामुळे कळलं नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी एक बाई दारात आली. खांद्याला कापडी पिशवी, पायांवर धूळ, हातात घट्ट धरलेला मोबाइल. तिनं तो माझ्यासमोर धरला, कारण दाराशी मीच उभा होतो. पडद्यावर व्हिडिओ नव्हता. कुणीतरी त्याच्या सुरुवातीचा फोटो काढून पुढे पाठवला होता. हात, खाली नाव-गाव, आणि वर माझी ओळ.

"हे माझं लेकरू हाय," ती म्हणाली. "कुठं हाय ते?"

सिस्टर आतून भिंतीला धरत आल्या. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. तिनं तांब्या खाली ठेवला. "दुकानात मीठ आणाया गेले होते. पोरं मोबाइल बघायली. एकजण म्हनला, मावशी, हितं तुमच्या बालाजीचं नाव आन आपलं गाव लिवलंय. धा माणसांत मला दाखवलं ओ. माझ्या लेकराचा हात मी धा माणसांत बघितला." मग तिचा आवाज चढला. "कुणी टाकलं हे? कुणाची आई मेली होती, की माझ्या लेकराची बाजारात जत्रा मांडली?"

मी सिस्टरांच्या शेजारी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी ते मनात जुळवतही होतो. मावशी, मी टाकलं. एवढंच. पण मी वाट बघितली. कसली, ते मला अजून सांगता येत नाही.

"मी टाकलं," सिस्टर म्हणाल्या. "ही जागा माझी हाय. चूक माझी."

त्या बाईनं त्यांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. सिस्टर मान खाली घालून ऐकत होत्या, मधे एकदाही हात जोडून तिला थांबवलं नाही. आवाज ऐकून बालाजी आतल्या खोलीतून बाहेर आला. हाताला कणीक तशीच. आईला बघून त्यानं हात पाठीमागे नेला. ती उठली, तिनं तो ओढून पुढे घेतला आणि पदराखाली झाकला. आमच्या सगळ्यांपासून झाकला. त्या खोलीत ज्याचा त्याचा हात उघडा असायचा, तिथे मी पहिल्यांदा एक हात झाकलेला पाहिला.

"चल," ती म्हणाली. बालाजीनं चपला घातल्या. माझ्याकडे बघितलं नाही, रागानंही नाही. दोघं स्टँडकडे चालत गेली.

सिस्टर खुर्चीत बसल्या. मग त्यांनी विचारलं, "पुसता येतंय का ते?"

"आपल्या पेजवरून येतं."

"आन बाकीच्यांच्या मोबाइलमधनं?"

"नाही."

"मग जेवढं येतंय तेवढं पुसा."

मी तिथेच बसून पुसलं. मग कसाबसा म्हणालो, "सिस्टर, तुम्ही का अंगावर घेतलंत?"

त्या म्हणाल्या, "तुमी बोलला असता तर घेतलं नसतं."

त्यात टोमणा नव्हता. ताप किती आहे ते नर्स सांगते, तसं त्यांनी सांगितलं.

पंधरा दिवस मला झोप धड लागली नाही. शेवटी मी त्यांच्याकडे जाऊन म्हणालो, "मी बालाजीच्या गावी जातो. त्याच्या आईला खरं काय ते सांगतो." सिस्टर गहू निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "आता कशाला? तुमाला हलकं वाटावं म्हणून? ती माउली मला शिव्या देतीय, ते ठीक चाललंय. तिला नवीन माणूस नका देऊ. उगं परत पयल्यापासनं सोसावं लागंल तिला." खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

त्या स्वतः मात्र दोनदा लातूरकडे जाऊन आल्या. पहिल्या वेळी त्या बाईनं दार उघडलं नाही. सिस्टर दुपारभर ओट्यावर बसून परत आल्या. दुसऱ्या वेळी चहा मिळाला. हे मला वेल्डरकडून कळलं. बालाजी तालुक्याला बियाण्याच्या दुकानात कामाला लागला होता. मी त्याला पुष्कळ फोन केले. एकदाच त्यानं उचलला. "सर, तुमचं काय चुकलं न्हाई," तो म्हणाला, "मीच टाका म्हनलो होतो." त्यानं चिडून चार शब्द सुनावले असते, तर मला उत्तर देता आलं असतं. पोळी करून घातलीस का आईला, हे विचारायचं माझ्या जिभेवर होतं. विचारलं नाही.

वार्षिक कार्यक्रमात माझ्या मोहिमेला बक्षीस मिळालं. व्हिडिओ पुसलेला होता, पण आकडे होते, आणि आकडे पुरतात. मी स्टेजवर गेलो, हसलो, फोटो काढला.

सिस्टरांनी मला येऊ नका असं कधी म्हटलं नाही. मीच शनिवार चुकवायला लागलो. आधी कामाचं निमित्त, मग घरचं, मग निमित्तही देणं बंद केलं. त्यांचा एखादा निरोप यायचा: 'नकाशात फोन नंबर जुना दाखवतोय, बदलता का.' मी घरबसल्या बदलायचो आणि 'झालं' एवढंच लिहून पाठवायचो. त्या उत्तराला उत्तर पाठवायच्या, 'आभारी आहे प्रसादराव.' ते मात्र डाव्या हातानं कुणी लिहिलेलं नसायचं.

शेवटचं बघितलं ते भोसरीच्या चौकात. मी एका क्लायंटकडून परत निघालो होतो, गाडी कडेला लावून पाण्याची बाटली घेत होतो. शेअर रिक्षा भरत होती, आणि मागच्या सीटवर, दोन कामगारांच्या मध्ये दाटीवाटीनं, सिस्टर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी. त्यांनीच मला आधी पाहिलं.

"प्रसादराव!"

मला जावंच लागलं. त्या थकल्या होत्या, गळ्याची हाडं वर आली होती. तब्येत कशी आहे वगैरे मी विचारलं. त्यांनी ते बाजूला सारलं. "चाकणला चाललीय. काल एकाचा हात गेलाय, दवाखान्यात हाय. एकोणीस वर्साचा पोरगा. त्याच्या खोलीवरच्या पोरांनी आपला नंबर नकाशातनं काढला." आणि मग अगदी सहज, कालच भेटल्यासारखं, बाजूच्या कामगाराला थोडं सरकायला लावून त्या म्हणाल्या, "येताय का? जागा हाय."

रिक्षावाल्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. तो कामगार खरोखरच सरकला होता. एका माणसापुरती जागा झाली होती.

"आज मीटिंग आहे, सिस्टर," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग पुन्यांदा."

रिक्षा सुटली. ती वळणापर्यंत दिसत राहिली तोवर मी पाण्याची बाटली हातात धरून उभा होतो. मग गाडीत बसून घरी आलो. मीटिंग नव्हती.